गेंड्यापासून दोन मिनिटांवर

११ जानेवारी, शनिवार. स्टुलावर चढून पंख्याच्या पात्यांवरचा कापूस काढत होते. (आमच्या भिवंडीच्या कामतघरात कापूस शेतात पिकत नाही, पंख्यावर पिकतो.) तिथूनच मी घरच्यांना सांगितलं, "आज संध्याकाळी आपण मुंबईला राहायला जातोय. गेंडा बघायला."

ह्यांनी वर बघितलं. "आधी खाली उतर. मग बोलू."

"खाली उतरले की तुम्ही नाही म्हणाल."

गेंड्याचं असं आहे. सातवीत शाळेची सहल मुंबईच्या म्युझियमला गेली आणि नेमकं तेव्हाच मला गालगुंड झालं. सगळा वर्ग गेला. माझी मैत्रीण सुलभा परत आली ती वर्षभर एकच गोष्ट सांगत राहिली: तिथे पेंढा भरलेला गेंडा आहे, खोलीएवढा, आणि त्याच्या डोळ्यात वाकून बघितलं की आपण उलटे दिसतो! मी सुजलेल्या गालांनी ते ऐकलं आणि तेव्हापासून मला त्या डोळ्यात उलटं दिसायचं आहे. लग्न झालं, मुलगी झाली, ती कॉलेजात गेली. मी आपली सुलटीच.

म्युझियम फार लांब आहे अशातला भाग नाही. आम्ही तीनदा निघालोही होतो. तिन्ही वेळा वाटेतल्या काल्हेरपर्यंत पोचलो. पुढे गोदामांचे ट्रक! एकदा तर सासूबाई कंटाळून स्टेशनला निघालेल्या रिक्षातून उतरल्या, जवळच एका ओळखीच्या घरी चहा प्यायल्या, त्या घरच्या सुनेची मेथी निवडून दिली आणि परत येऊन त्याच रिक्षात बसल्या. रिक्षा तिथेच होती. आम्ही पोचेपर्यंत म्युझियम बंद झालं असतं म्हणून तिथूनच मागे फिरलो.

म्हणून या वेळी आदल्या संध्याकाळीच जाऊन राहायचं ठरवलं. आमच्या लेकीने, प्रियाने, फोनवर घर शोधलं. दोन रात्री, परवडणारं, फोर्टात, आणि जाहिरातीत लिहिलं होतं, ‘म्युझियमपासून दोन मिनिटांवर, शांत परिसर’.

"भिवंडीशून मुंबईला जायाचं आन् भाड्यानं ऱ्हायाचं?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. (त्या अंजूरच्या. माहेरी चार गोदामं. त्यांना भाड्याने देणं माहीत आहे, घेणं नाही.) "लोक काय म्हनतील गो?"

"लोक काल्हेरला अडकलेत, आई. काही म्हणणार नाहीत."

घर चौथ्या मजल्यावर निघालं. लिफ्ट होती, पण तिच्यात घरमालकाने सायकल ठेवली होती. खोली इतकी बेताची की एकाने कूस बदलली तर बाकीच्या तिघांना आधी कळवावं लागे. पण खिडकीतून म्युझियमचा घुमट दिसत होता. हातातली पिशवी खाली न ठेवता मी तिथे उभी राहिले.

"आई, उद्या आहे ना," प्रिया म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतेय? वारा घेतेय."

"खिडकी बंद आहे, आई."

खरी पंचाईत पुढे होती. जाहिरातीतला ‘शांत’ हा शब्द आम्ही कुणीच नीट वाचला नव्हता. आमच्या कामतघरच्या घराखाली पावरलूमचा कारखाना आहे. दिवसपाळी, रातपाळी, अखंड खटखट. आमच्याकडे आवाजाने कुणाला जाग येत नाही. आवाज थांबला की येते. थांबला म्हणजे वीज गेली, नाहीतर संप, नाहीतर कोणीतरी वारलं. आणि फोर्टात शनिवारी हपिसं बंद झाली की टाचणी पडलेली तर सोडाच, टाचणी पडायचा विचार करतेय तेही ऐकू येतं!

दिवा मालवला आणि सासूबाई उठून बसल्या. "कोन गेला गो?"

"कुणी नाही गेलं, आई. झोपा."

"मंग बंद का हाय?"

"इथे कारखाना नाही."

"कारखाना न्हाय? मंग हितली लोकं झोपतात कशी?"

प्रियाने फोनवर पावरलूमचा आवाज शोधून लावला. जरा बरं वाटलं. डोळा लागणार तोच आमचे हे (त्यांचा जन्म मागांवर मुकादमी करण्यात गेला) ताडकन उठले. "हा माग बिघडलाय. धोटा उशिरा येतोय." (धोटा म्हणजे मागात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो.)

"तो फोनमध्ये आहे. तुम्ही काय, पाना घेऊन आत शिरणार?"

"अगं, पण लक्ष तिकडेच जातं ना!"

उजाडलं तेव्हा चौघांचे आठही डोळे टक्क उघडे होते. पण मला काय त्याचं? मी इस्त्रीची साडी नेसले. केसातली पिन तीनदा काढून लावली. ते जागरणामुळे असणार. म्युझियम उघडलं तेव्हा दारात पहिले आम्हीच. आत शिरताच बाण दिसला: ‘प्राणी विभाग’. मी चालायला लागले.

आणि वाटेत आलं वस्त्रांचं प्रदर्शन. मध्ये एक जुना पावरलूम, लोकांना दाखवायला चालू ठेवलेला. खटाक-खट, खटाक-खट.

"अगो, हा आपला आवाज!" सासूबाईंचा चेहरा उजळला. समोर एक लांब बाक होता. "मी जरा बसते. गुडघं बोलतात."

"दोनच मिनिटं हां," मी म्हटलं. "गेंडा काही पळून जात नाही."

ह्यांनी कान देऊन ऐकलं. "धोटा वेळेवर येतोय," ते समाधानाने म्हणाले. दुपारपर्यंत कुणी जागेपणी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

मध्ये एकदा जाग आली. दाखवणाऱ्या कारागिराची जेवणाची सुट्टी झाली होती, माग थांबला होता. आम्ही चौघं एका सुरात ओरडलो, "वीज गेली!" समोर माणसं उभी होती. एका लहान मुलाने ह्यांच्या पोटाला बोट लावलं होतं आणि तो आईला सांगत होता, "मम्मी, ये वाला तो सच्ची का हिलता है!" मग मला आमच्या बाकाशेजारची पाटी दिसली. ‘विणकर कुटुंब’. ती खरं तर मागच्या भिंतीवरच्या फोटोची होती. पण फोटो आम्ही झाकला होता!

आता मात्र उठायचंच, असं मी ठरवलं. बाण मला बसल्या जागेवरून दिसत होता. मी पदर सावरला, एक चप्पल पायात घातली... आणि कारागीर जेवून आला. खटाक-खट.

पुढची जाग माग थांबला तेव्हाच आली. म्युझियम बंद होत होतं. एकाच पायात चप्पल घालून मी बाणाच्या दिशेने धावले, तर समोरून दिवे मालवत सुरक्षारक्षक येत होता.

"बस एक मिनिट, भैया! सिर्फ आँख देखनी है."

"टाइम हो गया, मॅडम. अब परसों. कल सोमवार, बंद." मग त्याने मला नीट पाहिलं. "आप वो बेंच वाली फॅमिली ना? बहुत पब्लिक आई आज आपके लिए."

परतल्यावर चार मजले चढताना हे म्हणाले, "परत येऊ गं."

"हो. काल्हेरपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे पिशव्या भरत होते, तेव्हा दूध आणते सांगून मी बाहेर पडले. (घर सोडायच्या दिवशी दूध कशाला, हे कुणीही विचारलं नाही.) म्युझियमच्या फाटकाला कुलूप होतं. बाहेर एक वॉचमन खुर्ची टाकून ऊन खात बसला होता.

"आज बंद है, मॅडम."

"मालूम है." मी गजांना धरून उभी राहिले. "भैया, अंदर वो गेंडा... अच्छा है ना?"

"अंदर गेंडा है?" तो खुर्चीतून उठलाच. "अपनी ड्यूटी गेट की है, मॅडम. अंदर कभी जाना हुआ ही नहीं. आपने देखा?"

खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण तो माझ्या शेजारी येऊन गजांना धरून उभा राहिला, आणि दोघंही आम्ही त्या बंद दाराकडे बघायला लागलो.

"कल ही देखा," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. खोलीएवढा. पेंढा भरलेला. डोळ्यात वाकून बघितलं की आपण उलटे.

"उलटे!" तो म्हणाला. मग गजांतून आत डोकावत, "सींग कितने हैं, मॅडम? एक, कि दो?"

सुलभाने हे कधीच सांगितलं नव्हतं. मी क्षणभर विचार केला. इतक्या वर्षांनी इथवर आलेली बाई. मी एका शिंगावर का म्हणून भागवू?

"दो," मी म्हटलं. "बडे बडे."