टोपलीखालचं पीठ

इथे लोक आपापले अनुभव लिहितात ते मी दोन-तीन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलोय. चकवा लागला, पिंपळाखालून हाक आली, गाडीपुढे बाई उभी राहिली... मी मेंटेनन्सचा माणूस. खोपोलीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी धूळ पकडणाऱ्या यंत्रांवर. आवाज आला की बेअरिंग बघायचं, हवा गळली की गॅस्केट बघायचं — एवढीच माझी श्रद्धा. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. पण मागच्या मे महिन्यात माझ्याच घरात, दिवसाउजेडी, जे बघितलं ते कुठल्याच हिशेबात बसत नाही. थोडं लांबण लागेल, कारण आधी यंत्र समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझी बायको विजया. तिला दमा होता.

आमच्या कारखान्यात बारीक पांढरी पावडर उडायची. आम्ही मास्क लावून आत जायचो, पण कपड्यांना कोण मास्क लावणार? संध्याकाळी मी घरी आलो की विजया माझा युनिफॉर्म मागच्या गॅलरीत न्यायची, आधी चांगला झटकायची, मग भिजवायची. अशी पंचवीस-सव्वीस वर्षं. दमा फारच वाढला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात कपडे कोण धुतं?" ती म्हणाली, "मीच की." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

इथे एक गोष्ट कबूल करून टाकतो. कारखान्यात लॉन्ड्री होती. कपडे तिथेच टाकायचे, आंघोळ करायची आणि स्वच्छ होऊन घरी जायचं — फक्त सुटल्यावर अर्धा तास रांगेत थांबावं लागे. मला घाई असायची. कसली घाई, ते आज आठवत पण नाही. हे मी विजयाला कधी सांगितलं नाही. डॉक्टरांच्या त्या प्रश्नानंतर तर सांगायची हिंमतच झाली नाही.

रिटायर झाल्यावर कशेळ्याच्या अलीकडे, कर्जत–मुरबाड रस्त्यापासून जरा आत, भावकीतून वाट्याला आलेल्या जागेवर घर बांधायला घेतलं. मनाशी एकच ठरवलं होतं, या घरात धूळ राहता कामा नये. झाडूने धूळ उडते आणि तासाभराने परत खाली बसते, ते मला माहीत होतं. मग साधा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा म्हटलं, तर आमची मुलगी केतकी, ती पुण्याला असते, फोनवर म्हणाली, "बाबा, तो पुढून ओढतो आणि सगळ्यात बारीक धूळ मागून परत खोलीतच सोडतो. आईला तीच बारीक धूळ बाधते ना?" पोरीचं बरोबर होतं. तिनेच सेंट्रल व्हॅक्यूमबद्दल वाचून सांगितलं. भिंतींच्या आतून पाइप फिरवायचे, प्रत्येक खोलीत एक तोंड ठेवायचं, नळी आणून त्याला जोडायची. मोटर आणि धुळीचा डबा घराबाहेर शेडमध्ये. ओढलेली हवा पण बाहेरच जाते, खोलीत परत येतच नाही.

मी तर हरखूनच गेलो. अहो, ही तर माझी कारखान्यातली यंत्रणा, घराच्या मापाची! मुंबईच्या डीलरला मी इतके प्रश्न विचारले की शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच बसवा." जवळपास मीच बसवलं. पाइपाला कुठेही काटकोनी वळण दिलं नाही, कचरा तिथेच अडकतो. प्लास्टर व्हायच्या आधी एकेक जोड तपासला. गवंडी मला हसायचा, "भिंतीत वारा खेळवतंय कोन, हे पैल्यांदाच बगतोय." हसू दे म्हटलं.

विजया सगळं ऐकून घ्यायची. एक दिवस म्हणाली, "हे ठीक आहे हो. पण मला केरसुणी फिरवायचीय. डॉक्टरांनी बंद केल्यापासून मी स्वतःचं घर झाडलेलं नाही. दुसऱ्याने झाडलेल्या घरात पाहुण्यासारखं वाटतं मला."

यावर डीलरकडे उत्तर होतं. भिंतीच्या तळाशी, जमिनीला लागून, वीतभर रुंदीची आडवी फट बसवता येते. तिला पत्र्याचं झाकण असतं. पायाच्या अंगठ्याने झाकण ढकललं की ते उघडतं आणि बाहेर मोटर चालू होते. केर हळूच फटीजवळ न्यायचा, तो आत खेचला जातो. मग अंगठ्यानेच झाकण बंद करायचं. सुपलीत भरणं नाही, धूळ उडणं नाही. अशी फट साधारण स्वयंपाकघरात बसवतात. विजयाने ती आपल्या झोपायच्या खोलीत मागून घेतली, पलंगाच्या पायथ्याशी.

राहायला गेलो त्या दिवशी तिने उंबऱ्यावरच्या रांगोळीतली चिमूटभर रांगोळी खोलीत नेली, केरसुणीने फटीपाशी ढकलली, अंगठ्याने झाकण उघडलं. सूंऽऽ करून रांगोळी गेली. झाकण बंद करून माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "गेलं! आता मागचं काही या घरात ठेवायचं नाही हं." मी पण हसलो. मला वाटलं, रांगोळीबद्दलच बोलतेय.

त्या घरात तिला सात वर्षं मिळाली. तेवढी मिळतील असं डॉक्टरांना पण वाटलं नव्हतं. नियम कडक होते. सगळ्यात मोठा नियम पिठाचा. पीठ हवेत उडालं की तिला लगेच धाप लागायची. त्यामुळे पीठ चाळणं, भाकऱ्या थापणं, सगळं मागच्या पडवीत. ते काम सोमी करायची. वरच्या ठाकरवाडीतून जीपने येणारी ही बाई आमच्याकडे पहिल्यापासून होती. पीठ काढायच्या आधी ती ओरडायची, "काकी, पीठ काडतेय गं, आत व्हा!" आणि विजया हातातलं टाकून आत जायची. डबा मात्र मीच साफ करायचो — दर शनिवारी उघडायचा, रिकामा करायचा, धुवून उन्हात वाळवून परत बसवायचा.

शेवटचं वर्ष ऑक्सिजनच्या मशिनवर गेलं. मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे ती गेली, त्याच खोलीत. आदल्या दिवशी, शनिवारी, मी डबा धुतला होता. रविवारी व्हॅक्यूम कोणी चालवला नाही. हे नीट लक्षात ठेवा.

केतकी पुण्याहून पोचेपर्यंत थांबलो. चारच्या सुमारास स्मशानात गेलो आणि तिथे असतानाच वळवाचं वादळ आलं. खांब पडले, गावाची लाइट गेली. घरी आलो तर अंधार. इन्व्हर्टरवर चार दिवे आणि पंखे चालतात. व्हॅक्यूमची मोटर त्याला झेपत नाही, म्हणून ती मी त्यावर जोडलेलीच नाही.

दिवेलागणीला माझी मोठी बहीण आक्का तांदळाचं पीठ घेऊन त्या खोलीत निघाली. ती खालापूरकडे दिलेली, सगळ्या रीतीभाती जाणणारी. माणूस जिथे गेलं तिथे पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची, शेजारी दिवा ठेवायचा आणि सकाळी बघायचं, पिठात कसली पावलं उमटली ती. त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं म्हणे.

मी आडवा गेलो. "आक्का, त्या खोलीत पीठ नको. सात वर्षं तिथे पिठाचा कण जाऊ दिला नाही मी."

"अरं दत्तू, आता तिला कसला रं तरास? रीत हाय ती. माणूस सुटलं का नाय, कळायला नको?"

'सुटलं का नाय' म्हटल्यावर मी वाटेतून बाजूला झालो. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? ती माझ्यावर काही मनात धरून तर गेली नाही ना, एवढंच मला कळायला हवं होतं. पिठात पाऊल बघायला मी, असल्या गोष्टींना हसणारा माणूस, तयार झालो.

पलंग हलवून ठेवला होता. आक्काने दोन मुठी पीठ जमिनीवर सारखं पसरलं. मी समोर उभा होतो. वर बांबूची टोपली, आणि टोपली न् फट यांच्या मधोमध तेलाचा दिवा. खिडक्या बंद होत्या, फटीचं झाकणही बंद होतं. आक्का दारातच चटई टाकून आडवी झाली.

सकाळी सातच्या पुढे सगळे खोलीत जमलो. मी, केतकी, आक्का, दोघं भाऊबंद. दिवा शांत जळत होता. आक्काने टोपली उचलली.

खाली पीठ नव्हतं.

विस्कटलेलं नव्हतं, मुंग्यांनी नेलेलं नव्हतं... नव्हतंच. फरशी लख्ख. मी गुडघ्यावर बसलो, बोट ओलं करून दोन फरश्यांमधल्या रेघेतून फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. आक्का तोंडावर पदर धरून उभी राहिली. मग केतकीने माझ्या खांद्याला हात लावला. "बाबा, ते बघा."

फटीचं झाकण उघडं होतं.

मी काय केलं असेल? सरळ शेडमध्ये गेलो. लाइट अजून आली नव्हती, हे मेन स्विचपाशी दोनदा बघितलं. मग डबा उतरवला. तळाशी पीठ होतं. दोन मुठी, कोरडं आणि पांढरंशुभ्र. त्यात एक केस नाही, धुळीचा कण नाही.

आता माझा धंदाच हा, म्हणून सांगतो. खोलीपासून शेडपर्यंत चाळीस फूट पाइप आहे आणि शेवटी तो पुरुषभर वर चढतो. मोटरशिवाय पीठ तिथवर जाऊ शकत नाही. गेलंच तरी वाटेत पाइपातली जुनी धूळ घेऊन करडं होऊन जाईल. आणि पीठ ओढणारी हवा मधला दिवा जळता ठेवणार नाही. नंतर महिन्याभराने मी हे सगळं करून बघितलं. लाइट बंद करून फटीत पीठ ढकललं, ते तिथेच राहिलं. मोटर चालू केली तर डब्यात करडं आलं, आणि दिवा प्रत्येक वेळी विझला.

पण त्या सकाळी मी आधी माणसांवर संशय घेतला, याची लाज वाटते. सोमी आदल्या दिवसापासून आमच्याकडेच थांबली होती. तिला पडवीत गाठून विचारलं, "तू झाडलंस का गं आत?"

रडून तिचे डोळे सुजले होते. "मी कशाला जाऊ काका तिथं? आनि आक्का दारात आडव्या. त्यांना वलांडून जाऊ?" मग जणू मलाच समजावत म्हणाली, "तुमी तरी पीठ कशाला पसरू दिलं? काकींना पीठ चालायचं नाय, तुमाला ठावं हाय ना."

मी यंत्राच्या डब्यातलं पीठ एका स्टीलच्या डब्यात काढून घेतलं, यंत्र होतं तसं बसवलं. झाकण मात्र मी उघडंच ठेवलं. का, ते माहीत नाही. बंद करायला हात धजेना.

दुपारी दोनला लाइट आली आणि शेडमध्ये मोटर आपोआप सुरू झाली. घरात एकच आरडाओरडा. आक्का देवाचं नाव घेत अंगणात पळाली. यात मात्र काही अमानवीय नव्हतं. झाकण उघडं, लाइट आली, मोटर चालू होणारच. मी सगळ्यांना तसं सांगितलं आणि बंद करायला खोलीत गेलो.

गेलो आणि फटीपाशी खालीच बसलो. सूं आवाज चालू होता, हवा पायांना लागत आत जात होती. रडू आलं, खूप आलं. आणि जे इतकी वर्षं बोललो नव्हतो ते बोललो. "विजू, लॉन्ड्री होती गं तिथे. अर्धा तास थांबायला हवं होतं मी. चुकलं माझं."

मागे वळलो तर केतकी दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, आईला माहीत होतं," ती म्हणाली. "खोपोलीला आपल्या शेजारचे काका तुमच्याच कारखान्यात होते ना? ते काका लॉन्ड्रीत कपडे टाकून यायचे. आई मला म्हणाली होती, 'तुझ्या बाबांना घरी यायची घाई असते गं, येऊ दे.' या घरात आलात त्याच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं, तुला राग नाही येत? तर म्हणाली, 'मागचं काही तिकडे न्यायचं नाही.'"

दहाव्याला अस्थींबरोबर ते पीठही नदीत सोडलं. हे कसं घडलं ते मला अजून सांगता येत नाही, कोणाला सांगता आलं तर ऐकायची तयारी आहे. त्या दुपारी मी उठलो, चप्पल काढली आणि ती करायची तसं, अंगठ्याने झाकण बंद केलं.