सुहासिनीने घंटा घासली

लिटल हॅर्टन हे ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं जेमतेम तीनशे वस्तीचं गाव. इंग्लंडमधल्या त्याच नावाच्या खेड्यातली माणसं इथे येऊन वसली, आणि येताना चक्क शाळेची पितळी घंटाही घेऊन आली. आता शाळा बंद पडलीय, तिथे छोटंसं म्युझियम आहे.

गावातलं औषधांचं दुकान चालवते सुहासिनी टिळेकर, मूळची पुण्याची. चार वर्षं झाली, सगळे गोड बोलायचे, पण बोलणं गोळ्यांच्या पुढे काही सरकेना. म्हणून म्युझियमच्या कमिटीने रविवारपुरती किल्ली तिच्या हातात दिली, तेव्हा बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात.

आणि पहिल्याच रविवारी हिने काय करावं? काळीठिक्कर घंटा बघून हिला राहवेना. देवाची भांडी अशी ठेवली असती तर आईने घरात घेतलं नसतं. घरून चिंच-मीठ आणून तासभर घासली, लख्ख केली.

सोमवारी कमिटीचा अध्यक्ष नॉर्मन घंटा बघून थेट हिच्या दुकानात आला आणि मटकन खुर्चीत बसला. "अगं, तो काळा थर हाच आपला हेरिटेज होता," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर परवडलं असतं. किल्ली परत घ्यायची का, हे ठरवायला गुरुवारी म्युझियममध्येच मीटिंग लागली.

"सॉरी म्हण आणि मोकळी हो," नवरा गुरुदत्त म्हणाला. त्याला काय जातंय बोलायला. पुन्हा नुसती काउंटरमागची बाई व्हायचं हिच्या जिवावर आलं होतं.

मीटिंगमध्ये कोणी विचारायच्या आत ती उभी राहिली. "मीच घासली. आधी विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

एक्क्याण्णव वर्षांची बेरिल, गावातली सगळ्यात थोरली, काठी टेकत उठली आणि घंटेपाशी जाऊन बराच वेळ बघत राहिली.

"नॉर्मन, तू शाळेत यायच्या आधी दर शुक्रवारी ही मी घासायचे. मीठ आणि व्हिनेगर. काळी दिसली तर बाई दुपारभर उभं करायच्या. तुझा हेरिटेज म्हणजे नुसता साठ-सत्तर वर्षांचा आळस आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. नॉर्मनने चष्मा काढून पुसला, मग तोही हसला. किल्लीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. सुहासिनीला मात्र रडूच फुटलं.

बेरिलने तिला जवळ बोलावून घंटेची आतली कड दाखवली. "इथे राहिलंय बघ. शुक्रवारी ये. मी व्हिनेगर आणते, तू तुझी चिंच आण."