गाठ हळू मारताना

समुद्र माणसाला त्याच्या अज्ञानाची जाणीव करून देतो. निदान आमच्या सहलीच्या माहितीपत्रकात तसे छापले होते. शिडाच्या होडीवर आठवडाभर राहून आम्ही दर्यावर्दी होणार होतो. चौथ्या संध्याकाळीही मला धक्क्याच्या खुंटाला होडी बांधायची गाठ येत नव्हती. ओहोटी लागली होती. होडी सुटली तर थेट खडकांवर जाणार होती.

होडी चालवणारे गणू तांडेल ही गाठ गप्पा मारता मारता, न बघता मारत. मी म्हणालो, "तांडेल, एकदा हळू करून दाखवा ना."

त्यांनी दोर घेतला, अर्ध्यावर थांबले आणि स्वतःच्या हातांकडे परक्यासारखे पाहू लागले. "हळू कशी मारतात ओ ही? चाळीस वर्षांत कोणी विचारलं नाय."

मीही रोज पायजम्याची नाडी बांधतो. कशी, ते मला सांगता येणार नाही. मग ती गाठ मला येते, की फक्त माझ्या हातांना? आणि कोणी विचारले की ते शहाणपण जाते कुठे?

"जरा तिकडे बघा," तांडेल वैतागून म्हणाले. मी समुद्राकडे पाहिले. तरीही त्यांना गाठ येईना.

त्या दिवशी होडी नांगर टाकून उभी केली.