अर्ध्या विहिरीची मोटर

आमच्या गल्लीत विजेची पहिली मोटर आली ती आमच्याकडे. हे मी आजवर इतक्या जणांना ऐकवलं आहे की घरातली मुलं आता वाक्य अर्ध्यावर आलं की उठून जातात. जाऊ देत. लिहिताना माझी छाती अजूनही फुगते. पुढे काय झालं ते माहीत असूनही फुगते, त्याला मी तरी काय करू?

आमचं घर हैदराबादेत, बरकतपुऱ्यात. मूळच्या एकाच मोठ्या जागेचे कुणीतरी दोन भाग करून विकले होते आणि वाटणीची भिंत नेमकी विहिरीवरून गेली होती. विहिरीच्या तोंडावर दगडी तुळई टाकून तिच्यावर भिंत उचललेली. अर्धं तोंड आमच्या परसात, अर्धं पलीकडे. खाली पाणी मात्र एकच. दोन्हीकडे आपापला रहाट. पलीकडच्या घरातल्या बाई पडद्यातल्या, म्हणून आमच्याकडच्या पुरुषांनी विहिरीवर जाण्याआधी मोठ्यांदा खाकरायचं, असा रिवाज होता. वडील तर इतके खाकरायचे की पाहुण्यांना वाटे, यांना दमा आहे. आम्हा मुलींना मात्र मोकळीक. काठावर वाकलं की खाली पाण्यात त्या बाईंचा चेहरा दिसायचा आणि आम्ही पाण्यातूनच एकमेकींकडे बघून हसायचो. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. आई आणि त्या एकमेकींना आपा, म्हणजे ताई, म्हणत आणि पाणी ओढता ओढता भिंतीआडून तास तास बोलत.

खालांचे यजमान जुन्या राज्याच्या फौजेत होते. पोलीस अ‍ॅक्शन झाली, हैदराबाद हिंदुस्थानात आलं, फौज मोडली आणि ते घरी बसले ते बसलेच. घर चाललं ते खालांच्या मोगऱ्यावर. त्यांच्या परसात मोगऱ्याचे लांबच लांब वाफे होते. दुपारी कळ्या खुडायच्या आणि घरच्या म्हाताऱ्या गड्याने टोपली डोक्यावर घेऊन त्या सुलतान बाजारात गजरेवाल्यांना पोचवायच्या. उन्हाळा हा मोगऱ्याचा हंगाम, आणि उन्हाळ्यात मोगऱ्याला पाणी रोज लागतं. खाला एकेक बादली ओढून एकेका झाडाला घालत.

आमच्याकडे त्याच वर्षांत सगळं उलट चाललं होतं. वडील सरकारी दफ्तरात होते, त्यांना बढती मिळाली. मराठवाड्यातून नोकरीसाठी शहरात आलेली दोन बिऱ्हाडं आमच्या मागच्या खोल्यांत राहायला आली. गंडीपेट तलावाच्या पाण्याचा नळ होता तो गल्लीच्या तोंडाशी, प्यायपुरता. बाकी सगळा भार विहिरीवर. एक दिवस वडील दफ्तरातून आले आणि टोपी काढायच्या आधीच म्हणाले, "राज्य बदललं, आणि आपण अजून दोरच ओढतोय! मोटर बसवायची."

मोटर अफझलगंजहून आली. टांग्यात मोटर बसली होती आणि वडील शेजारून चालत येत होते. मी ओरडत रस्त्यावर धावले. माझ्यामागे सगळी गल्ली.

बसवणारा मिस्त्री तेलुगू होता. तो विहिरीत उतरला. आत उजेड पडावा म्हणून आरशाने ऊन खाली टाकायचं काम मला मिळालं, तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला! मिस्त्रीने पाण्यात बुडी मारली आणि वर येऊन वडिलांना तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की झरा तुमच्या बाजूला आहे आणि झऱ्यापाशी खोल खड्डा आहे. भिंतीपलीकडच्या बाजूला मात्र खाली खडकाची पायरी आहे, तिकडे विहीर उथळ. "तुमचं नशीब मोठं, साब," तो म्हणाला. वडील खूश झाले. पाइपाचं तोंड थेट त्या खड्ड्यात सोडलं.

मोटरीचं एक होतं. आधी तिच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतून तिला पाजावं लागे, त्याशिवाय ती पाणी देत नसे. ते काम मी भांडून मिळवलं आणि बटणही माझ्याकडेच आलं. पहिल्या दिवशी पाणी ओतलं, झाकण आवळलं, बटण दाबलं. आधी नुसतीच घरघर. आईने देवाचं नाव घेतलं. मग पाइपाने दोनदा खोकल्यासारखं केलं आणि धो धो पाणी! मिस्त्री ओरडला, "नीळ्ळु वच्चायि!" पाणी आलं! मी झग्यासकट त्या धारेखाली. भाडेकऱ्यांची पोरं माझ्यामागे. वडील, कधी न हसणारे माझे वडील, धोतर वर खोचून मध्ये उभे होते आणि मोठमोठ्याने हसत होते.

मग आम्हाला पाण्याचं वेडच लागलं. गच्चीवर टाकी झाली. स्वयंपाकघरात नळ, मोरीत नळ, दोन्ही बिऱ्हाडांना नळ. पुढच्या अंगणात वडिलांनी चक्क कारंजं बांधलं आणि दफ्तरातल्या मंडळींना बघायला चहाला बोलावलं. दारासमोरचा रस्ता मी सकाळ-संध्याकाळ भिजवायची, नुसता वासासाठी. पाहता पाहता गल्लीत दुसरी मोटर आली, तिसरी आली. वर्ष-दीड वर्षात पाच. आमची पहिली, हे मी प्रत्येकाला बजावून सांगायची.

विहिरीवर आता आमच्याकडून कुणी जाईना. जायचं कशाला? आमचा रहाट गंजला. वडिलांचं खाकरणंही बंद झालं.

एका दुपारी भिंतीपलीकडून खालांची हाक आली. "आपा, जरा रस्सी मिलती क्या? हमारी छोटी पडरी."

आईने लगेच आमचा नवा, रिकामा पडलेला दोर भिंतीवरून टाकला. "लो की आपा, उसमें क्या है!" खालांनी भिंतीवरून ओंजळभर मोगरा पाठवला. दोन महिन्यांनी पुन्हा हाक आली. आईने बाजारातून मुद्दाम आणखी लांब दोर आणवला, तोही दिला. आपण शेजारधर्म पाळतोय याचा आम्हा सगळ्यांना कोण अभिमान! वडील जेवताना म्हणाले, "मागतील तेवढा द्या, शेजारी आहेत." पुढच्या उन्हाळ्यात तिसरा दोर गेला. या वेळी मोगरा आला नाही. आई म्हणाली, "विसरल्या असतील." खालांनी कधी मोटरीचं नावही काढलं नाही. शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय हे विचारणं त्यांच्या तहजीबीत बसत नव्हतं, आणि दोर का पुरत नाही हे विचारणं आमच्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरात दारावर थाप पडली. मी दार उघडलं. बुरख्यात एक बाई आणि मागे दोन घागरी घेतलेला त्यांचा म्हातारा गडी. आवाजावरून ओळखलं. खाला! इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा आमच्या दारात आल्या होत्या. त्या अवघडून आईला म्हणाल्या, "दो घागर पानी मिलता क्या, आपा? हाथ-मुंह धोने को भी नै है."

आई काही बोलायच्या आतच मी त्यांचा हात धरला. मला आनंदाने काही सुचत नव्हतं. खालांनी माझी मोटर पाहिलीच नव्हती! वडील आतल्या खोलीत होते, परसात कुणी पुरुष नव्हता. मी त्यांना ओढतच मागे नेलं, तांब्याभर पाणी ओतलं, झाकण आवळलं आणि "अब देखो हं!" म्हणून बटण दाबलं.

मनगटाएवढी जाड धार हौदात आदळली. खालांनी नकाब वर केला. पाण्याबाहेर मी तो चेहरा पहिल्यांदा पाहत होते, आणि तो माझ्या आठवणीपेक्षा खूप वाळलेला होता. त्यांनी धारेखाली हात धरला. बराच वेळ धरला.

"इत्ता पानी?" त्या म्हणाल्या. "हमारी बादली तो पत्थर पो लगती. मैं समझी, बावडी सूक गई." मग माझ्याकडे वळून, जराही न रागावता त्यांनी सांगितलं, "कल नौकर को बोल के पूरा मोगरा निकाल दी, बेटी. सूकता हुआ देखना नै हुआ."

मिस्त्रीने सांगितलेली ती खडकाची पायरी मला तेव्हा आठवली. आरसा धरून मीच तर वाकले होते. आम्ही दोर देत राहिलो आणि पाणी नेत राहिलो. मला इतकी लाज वाटली की मी धावत जाऊन बटण बंद केलं. परसात एकदम शांत झालं.

खालांचा गडी दोन्ही घागरी हातात घेऊन तसाच उभा होता. घागरी रिकाम्याच होत्या. गल्लीचा नळ प्यायपुरता, आणि आमच्या टाकीत होतं तेही त्याच विहिरीचं पाणी, म्हणून मी पुन्हा मोटर सुरू केली.