आमच्या विहिरीचा पेपर

वरकुट्याच्या फाट्यावर आबांनी माझी बॅग एसटीच्या टपावर चढवली, खाली उतरून धोतराला हात पुसले आणि विचारलं, "आपल्या हिरीचं काय सांगितलं न्हाईस." मी म्हणालो, "अजून काम चाललंय, आबा. कळवतो." गाडी हलली. इंदापूर, पुणे, मग विमान. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. माझं काम कधीच संपलं होतं. मी वडिलांशी धडधडीत खोटं बोलून देश सोडला.

गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे सांगायचं राहून गेलंय.

आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. माझ्या जन्माआधी आबा वरकुट्यात थांबले, शेती करू लागले, पण वीस-पंचवीस मेंढरं ठेवलीच. पुण्यात भूभौतिकी शिकताना मी प्रबंधासाठी आमचंच शिवार निवडलं. चार लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या, बॅटरीचा करंट सोडायचा आणि खाली गोडं पाणी आहे की खारं, याचा मीटरवरून अंदाज घ्यायचा. सळया आबांनी ठोकल्या. भर उन्हात, दोन महिने. माती ओली राहावी म्हणून प्रत्येक सळईच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतावं लागे, तेही त्यांनीच ओतलं. "पोराचं मशीन हाय," म्हणून बांधाबांधावर सांगत सुटले.

आकडे लख्ख होते. वरच्या अंगाच्या उसाला वर्षानुवर्षं तुंबवून दिलेलं पाणी खार घेऊन जमिनीखालून आमच्या विहिरीकडं सरकत होतं. दोन-तीन वर्षांत विहीर हातची जाणार. आणि माझा थोरला भाऊ, दादा, त्याच विहिरीच्या भरवशावर द्राक्षं लावायच्या तयारीत होता. मी माझ्या मार्गदर्शक सरांना विचारलं, घरी सांगू का? सर म्हणाले, छापून येईपर्यंत आकडे बाहेर जायला नकोत. दम दिला नव्हता, सहज म्हणाले होते. मीच ते देववाक्य मानलं, कारण त्या संशोधनाच्या पेपरवर माझी परदेशातली जागा पक्की व्हायची होती. हे दुसऱ्या कुणावर ढकलण्यात अर्थ नाही.

पेपर यायला दोन वर्षं गेली. छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या एका रिव्ह्यूअरनं एका आलेखावरून जीव खाल्ला. छापून आला तेव्हा लॅबमध्ये केक कापला, मीही हावरटासारखा दोन तुकडे खाल्ले. एक प्रत घरी पाठवली. इंग्रजीतली. आबांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवळीत ठेवली.

पुढच्या मे महिन्यात घरी आलो, तर रानात नुसते लोखंडी अँगल आणि तारा उभ्या. द्राक्षांच्या वेली पानांच्या कडांपासून करपत गेल्या होत्या. मला बघून दादा गोठ्याकडं निघून गेला. वहिनीनं टँकरच्या पाण्याचा चहा दिला. बोलले ते आबाच.

"तू गेलास त्याच उन्हाळ्यात मेंढरांनी हिरीच्या पाण्याला तोंड लावायचं सोडलं व्हतं. आमच्यात मेंढरानं पाणी सोडलं की मुक्काम हलवायचा. माझा बाप तसंच करायचा. पर म्या म्हणलं, पोरानं मशीन लावून बघितलंय. काय असतं तर बोलला असता. मग दादाला म्हणलं, लाव बाग."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज माझ्या पेपरांची यादी लांबलचक आहे. सगळ्यात तळाशी, म्हणजे सगळ्यात जुना, तो पेपर. त्यात आमची विहीर 'विहीर क्रमांक तीन' आहे. आभारात विद्यापीठ आहे, अनुदान आहे, मीटर दुरुस्त करणारासुद्धा आहे. सळया ठोकणाऱ्याचं नाव नाही. मला तेव्हा ते सुचलंसुद्धा नाही, याची आता लाज वाटते.

इकडं आपली माणसं जमली की घराच्या आठवणी काढून डोळे पुसतात. मी उठून कप विसळायला घेतो. मी बोललो नाही म्हणजे सगळं ठीक असणार, असं मानणारा माणूस जिथं होता, ते माझं घर होतं. गेल्या उन्हाळ्यात दादानं नवं बोअर पाडलं. मी पाण्याचा नमुना मागवून तपासला आणि फोनवर कळवलं, पाणी चांगलं आहे, खुशाल प्या. आबा "बरं" म्हणाले. मग त्यांनी मेंढरं बोअरवर नेली. ती प्यायली, तेव्हा वहिनीनं घागर भरली.