पुन्हा उतरवलेल्या पकडी

बुर्गल एगरचं नाव निघालं की आमच्या गावात अजूनही कोणीतरी म्हणतंच, "हिनं आमचा एक आठवडा बुडवला." माझं डोकं तिथंच फिरतं.

आमचा रोपवे खुर्च्यांचा. प्रत्येक खुर्ची दोराला धरून ठेवते ती एक पोलादी पकड. ती तुटली तर खुर्ची माणसांसकट दरीत. म्हणून बर्फ पडण्याआधी मी पकडी उतरवून घासूनपुसून द्यायच्या आणि बुर्गलनं तपासायच्या. काळ्या पडद्याआड ती पकडीत चुंबकत्व भरायची, चमकणाऱ्या कणांचं पाणी शिंपडायची आणि वर अतिनील दिवा धरायची. तडा असला की केसाएवढी हिरवी रेघ पेटायची. एरवी तो कोणाच्या बापाला दिसला नसता.

डोळे अंधाराला सरावेपर्यंत ती आत नुसती बसून राहायची. तिचा दीर किलियान आमचा मॅनेजर. तो बाहेरून ओरडायचा, "वहिनी, झोप झाली का?"

"झाली असती, तू भुंकला नसतास तर!"

नवरा गेल्यापासून तिची जीभ अशीच होती. माझ्यावरही चालायची.

त्या वर्षी तिनं खाली इन्सब्रुक शहरातून जवळचं पाहायचा नवा चष्मा आणला. तो ती पडद्याआडच वापरायची आणि तिथंच खिळ्याला अडकवायची. शनिवारी रोपवे उघडणार होता, स्कीइंगला येणाऱ्या डच पाहुण्यांनी गावात खोल्या धरल्या होत्या, आणि निम्म्याहून जास्त पकडी मी गारठलेल्या बोटांनी चढवूनही झाल्या होत्या. तरी किलियाननं घाईसाठी इतका तमाशा केला की ती भांडायला चष्म्यासकट तरातरा बाहेर आली.

"बुर्गल, आत ऊन पडलंय का? गॉगल कशाला?" मी म्हणालो.

तिनं चष्मा काढून उलटसुलट करून पाहिला. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचा. दुकानदारानं न विचारता बसवलेल्या. आणि त्या काचांना अतिनील दिवा म्हणजे ऊनच. दिव्याखाली त्या काळवंडायच्या, खिळ्यावर पुन्हा स्वच्छ व्हायच्या. अंधारात बसलेल्या माणसाला काच काळी झालेली कळणार कशी? म्हणजे त्या मोसमातली एकूण एक पकड तिनं काळ्या काचेतून पाहिली होती.

"सगळ्या उतरव," ती मला म्हणाली.

"वेड लागलंय का वहिनी?" किलियान किंचाळला. "तडा असता तर तुला दिसला असता. चूक तुझी, भुर्दंड गावाला?"

"चूक माझीच. म्हणूनच सांगतेय. मी पुन्हा पाहिल्याशिवाय एक खुर्ची हलणार नाही."

मी तिला तोंडावर शिव्या घातल्या आणि शिडी उचलली. उघडणं आठवडाभर लांबणार म्हणून गाव नुसतं पेटलं. रविवारी चर्च सुटल्यावर खानावळीत तिच्या नेहमीच्या बाकावर कोणी सरकून जागा दिली नाही. ती उभ्यानं बिअर प्यायली आणि जुना चष्मा घेऊन पुन्हा पडद्याआड गेली.

तडा एकातही निघाला नाही. मग तर सगळ्यांना चेवच आला. "बघा, फुकट!" अरे गाढवांनो, तडा नाही हे कळावं म्हणूनच तर तपासायचं! मी खानावळीत हे ओरडून सांगितलं, तर मलाच गप्प बसवलं.

अखेर रोपवे उघडला. पाद्रीबाबांनी पहिल्या खुर्चीवर पवित्र पाणी शिंपडलं. दरवर्षी त्या खुर्चीत मॅनेजरच्या घरचं माणूस बसतं. किलियाननं पाच वर्षांच्या नातीला उचललं, आणि तिला तसंच कडेवर घेऊन बुर्गलजवळ आला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "ही पकड तू पुन्हा पाहिलीस ना?"

बुर्गलनं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "पाहिली. तुझ्या नातीची पाहिली, आणि तू बोंबलत होतास तेव्हा बाकीच्यांच्या नातवंडांचीही पाहिली."

किलियाननं मान खाली घालून पोरीला खुर्चीत बसवलं. आणि संध्याकाळी खानावळीत तो बाकावर ऐसपैस बसला होता, बुर्गल उभीच होती.