हरलेल्यांची पारख

भाच्याशी लढायला मामा माणूस बघायला जायचा तेव्हा आधी कळवून जायचा नाही. भरदुपारी त्याच्या कामाच्या जागी पोहोचायचा आणि रस्त्यापलीकडे उभा राहायचा. कोणी गोदामात पोती उचलणारा असे, कोणी बसचा कंडक्टर, कोणी सुतार. सगळे बॉक्सर, पण बॉक्सिंगवर घर चालेल असं त्यांच्यातल्या कोणाचंच नव्हतं. मामा बघायचा, हा जिना कसा उतरतो. गुडघा गेलेला माणूस कितीही लपवू दे, शेवटच्या पायरीला पाय आडवा टाकतोच. जेवताना एकाच बाजूनं चावतोय, म्हणजे जबडा कधीतरी मोडलाय. मागून हाक आली की नुसती मान वळते, का मानेबरोबर सगळं धड वळतं? एवढं बघायचा आणि परत यायचा. बाजारात बैल घेणारासुद्धा इतका खोलात जात नाही, असं तालमीखालचा टायरवाला म्हणायचा.

तालीम म्हणजे टायरच्या दुकानावरची लांबट खोली. मधे दोरांचं रिंगण, छताला टांगलेल्या चामड्याच्या पिशव्या आणि खालून वर येणारा जळक्या रबराचा वास. भाच्याच्या लढतींच्या जोड्या मामाच लावायचा. भाचा म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक. पोस्टरवर त्याला हातोडा म्हणत, घरात तो बाळ्या होता. बाप लवकर गेला, आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. उनाडक्या करत फिरणाऱ्या पोराला मामानंच हाताला धरून तालमीत आणलं होतं.

सुरुवातीला मामानं जोड्या रीतसर लावल्या. आधी सोपा, मग त्याहून जरा वरचा, मग त्याच्याहून वरचा. धंद्याचा नियमच तो. पण एका लढतीत बाळ्याची भुवई फाटली. त्याला घेऊन मामा घरी गेला, तर ताई काही बोलली नाही. रडली नाही, भांडली नाही, भावाला पाणी विचारलं नाही. पोराच्या डोळ्याला ओला कपडा लावून बसली, ती बसलीच. मामाच्या काळजाचं पाणी झालं. त्या दिवसापासून त्याची नजर उलटी फिरली. आधी तो माणसात दम शोधायचा, आता मोडतोड शोधायला लागला.

मोडतोड सापडायला वेळ लागत नाही. बाळ्या जिंकत गेला. तालमीच्या भिंतीवर एकाशेजारी एक पोस्टरं चढली, कमरेला चॅम्पियनचा पट्टा आला. लोक म्हणायला लागले, याला कोणी हात लावू शकत नाही. मामाची छाती फुगायची आणि त्या भिंतीकडे बघायचं तो टाळायचाही. दोन्ही बरोबरच.

मग डावखुरा आला. उंच, हडकुळा, फार न बोलणारा. त्याचा लढतीचा निरोप मामानं नाना सबबी सांगून बरेच दिवस टोलवला होता. शेवटी बाळ्यानंच परस्पर होकार दिला. लढत जाहीर झाली त्या दिवशी सभागृहात माणसं दाटीवाटीनं बसली होती. डावखुऱ्याला कोणीतरी विचारलं, इतक्या जणांना पाडणाऱ्या माणसाची भीती नाही वाटत? तो म्हणाला, "ज्यांना पाडलंय ना, त्यांची आधी तब्येत विचारून या."

लोक खो खो हसले. बाळ्याही हसला. पण परत येताना त्यानं विचारलं, "मामा, तो असं का म्हणाला?"

"जळतात रे," मामा म्हणाला. आणि विषय तिथंच मिटला असं त्याला वाटलं.

तो मिटवला नाही ताईनं. दर लढतीआधी मामा तिच्याकडे जाऊन बसायचा, चहा प्यायचा आणि उठताना म्हणायचा, काळजी करू नकोस. या खेपेला तो आला, चहा प्यायला आणि नुसताच उठला. ताई बाळ्याचे सदरे घडी करत होती. हात न थांबवता म्हणाली, "आज काही बोलला नाहीस."

मामानं चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या.

"मला नको सांगूस," ताई म्हणाली. "पण जे काय असेल ते त्याला सांग. रिंगणात मी नाही जायची, तू नाही जायचास."

दुसऱ्या दिवशी तालीम रिकामी होती. बाळ्या पिशवीवर ठोसे मारत होता. मामानं पिशवी दोन्ही हातांनी धरून थांबवली आणि त्याला भिंतीपाशी नेलं. एकेका पोस्टरपुढे उभा राहून सांगत गेला. हा कंडक्टर, याचा उजवा खांदा वर जात नव्हता. हा तापातून उठून महिनाही झाला नव्हता. याला डाव्या डोळ्यानं कडेचं दिसत नव्हतं, ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं, मला होतं. बाळ्या एकटक बघत राहिला. मान खाली घालून, पण मधेच न थांबता, मामानं सगळी भिंत संपवली.

"धडधाकट एकही नव्हता?"

"होते की. पण ते सगळे अंगावर येणारे. अंगावर येणारा तुला सोपा जातो. मागं सरून वाट बघत बसणारा मी तुला कधी दिलाच नाही."

"म्हणजे मी एकाच माणसाला इतके दिवस पाडत आलो," बाळ्या म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मामाला बरं वाटलं असतं.

मग मामा एका पोस्टरपाशी परत गेला. त्यावर एका दाढीवाल्याचा फोटो होता. तो ऐन वेळी आजारी पडला आणि आयोजकांनी त्याच्या जागी एक प्लंबर उभा केला होता. त्याला मामानं आधी बघितलं नव्हतं. ती लढत बाळ्या कशीबशी जिंकला. लोकांनी टिंगलीच्या शिट्ट्या मारल्या, आणि लढतीनंतर तो बादलीत ओकला. त्या लढतीचा विषय तो कोणाला काढू देत नसे.

"त्या प्लंबरमध्ये काही खोट नव्हती," मामा म्हणाला. "तो तुला मागं सरून दमवत होता. तरी तू जिंकलास. ती तेवढी तुझी."

भिंतीवर त्या लढतीचा खरा चेहरासुद्धा नव्हता. बाळ्यानं सदरा चढवला आणि जिना उतरून गेला.

प्लंबर त्याला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात सापडला, सिंकखाली निम्मा शिरलेला. बाळ्यानं त्याच्या पायांशी बसून विचारलं, त्या दिवशी मी कसा होतो. पाना घट्ट करत आतूनच तो बोलला. हात वेगवान, पाय आळशी, पहिल्या फेऱ्यांत फार डौल. मग बाहेर सरकला, हात पुसले.

"पण शेवटच्या फेरीत तुझ्यात काही उरलं नव्हतं, तरी तू पुढं आलास. माझ्यात उरलं होतं, मी नाही आलो. हरलो मी, त्यात फसवाफसवी नाही."

त्यानंतर प्लंबर रोज काम उरकून तालमीत यायचा. बाळ्यापुढे नुसता मागं सरत राहायचा, आणि तो चिडून धावला की दोन ठोसे ठेवून द्यायचा. बाळ्याच्या नाकीनऊ आले. मामा पाण्याची बाटली घेऊन उभा असे. बाळ्या ती घ्यायचा, पण त्याच्याकडे बघायचा नाही.

लढत जवळ आल्यावर तो एवढंच म्हणाला, "मामा, या वेळी रिंगणाच्या कोपऱ्यात माझ्यामागं प्लंबर राहील. तू आईजवळ बस."

"का रे?"

"तुला मला मार बसलेला बघवत नाही. म्हणून तर हे सगळं झालं."

मामानं मान हलवली.

ताई लढत बघायला आयुष्यात पहिल्यांदा आली. कामावरून तशीच, हाताला साबणाचा वास. डावखुरा मागं सरत राहिला आणि वाट बघत राहिला, अगदी मामाला भीती होती तसाच. बाळ्या पहिल्या फेऱ्यांत चुकला, मधल्या फेऱ्यांत सावरला. त्याचा एक डोळा हळूहळू मिटत गेला. मामाची नजर सारखी खाली जाई. ताईची एकदाही गेली नाही. शेवटच्या घंटेला बाळ्या आणि डावखुरा दोघंही पायांवर उभे होते. पंचांनी गुण मोजले आणि डावखुऱ्याचा हात वर केला.

कपडे बदलायच्या खोलीत प्लंबर बाळ्याच्या डाव्या हाताची पट्टी सोडत होता. ताई पोराजवळ गेली, त्याच्या केसांतून हात फिरवला आणि शेजारच्या बाकावर बसली. मामा दारातच उभा राहिला. बाळ्यानं उघड्या डोळ्यानं त्याच्याकडे बघितलं.

"मामा, हा कसा होता?"

काहीतरी बरं बोलावं असं मामाच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"धडधाकट होता. तुझ्याहून सरस होता."

"बराच?"

"थोडाच."

 बाळ्यानं उजवा हात मामापुढे धरला. पट्टीची गाठ घामानं आवळून बसली होती. मामा खाली बसला आणि नखानं ती सोडवायला लागला.